रविवारची वाटी

परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला म्हणे एकदा कुणी फसवून मटण खाऊ घातलं होतं?" मी सुपारी कातरत होतो. मान न उचलता "हो" म्हणालो. ती "बापरे!" म्हणून खेळायला पळाली. झालं, एवढंच. पण ते "हो" इतकं सहज निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत ते घासून घासून गुळगुळीत झालेलं.

तेव्हा आज तुम्हाला सांगतो. आजवर हे कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि ती तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून काय बिनसलंय ते ओळखणारी. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिला आमच्या घरातली सांगीवांगीची गोष्टच ठाऊक होती. नातीला ठाऊक आहे तीच. आमच्या खानदानात ती गोष्ट माझ्या भोळेपणाचा दाखला म्हणून सांगतात. भोळा! असो.

तेव्हा वर्धा मध्यप्रदेशात होतं. मी सेलूजवळच्या खेड्यातला, मॅट्रिक झालेला, कचेरीत कारकून म्हणून लागलेला. आमचं घर उपदेशी. म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. दारू-मांस शिवायचं तर नाहीच, पण त्याचं नावसुद्धा घरात घ्यायचं नाही. जेवताना कुणी घेतलं तर आई ताट सारून उठायची. वर्ध्याला राहायचं तर जेवणाचं काय, ही तिची पहिली काळजी. मामाने शोध केला आणि स्टेशनच्या रस्त्यावर वासुमलसेठांचं भोजनालय पसंत केलं. पाटीवर ठळक अक्षरांत "शुद्ध शाकाहारी". मामा आत जाऊन चूल पाहून आला, तेव्हा कुठे आईने मला सोडलं.

सेठ सिंधी. फाळणीत सगळं तिकडेच टाकून आलेले. भोजनालय म्हणजे पुढे टिनाची पडवी, चार बाकं, आणि मागे त्यांचं घर. सगळं घर राबायचं. सेठ पुढे वाढायला, त्यांच्या दोन मुली पोळ्या लाटायला, आणि चुलीशी त्यांची बायको. तिला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. भाभी बाजारात भाजीवाल्यांशी भांडून भांडून वऱ्हाडी शिकली होती, आणि दोन-तीन वर्षांतच ती आमच्यापेक्षा बरी बोलायला लागली होती. तिच्या हातची कढी, कोकी म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, आणि कमळाच्या देठांची भाजी — हे देठ गोंदियाकडच्या तळ्यांतून त्यांचा कुणी ओळखीचा रेल्वेने पाठवायचा. कापल्यावर आत भोकं भोकं दिसायची. पहिल्यांदा आम्ही घाबरतच खाल्ली, मग मागून मागून खायला लागलो. कापूस बाजारातले मारवाडी मुनीम, शाळामास्तर, आमच्यासारखे कारकून — बाकांवर जागा मिळायची नाही.

मागच्या अंगणाला लागून त्यांचीच एक खोली होती. ती मी राहायला घेतली. खोलीची खिडकी अंगणात उघडायची.

आता इथून पुढे सांगताना मी जरा अडखळणार. तुम्ही समजून घ्या — किंवा नका घेऊ.

रविवारी दुपारी भोजनालय बंद असायचं. सेठ जेवून पुढच्या पडवीत आडवे व्हायचे. आणि त्या दिवशी भाभी अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, घरच्यांसाठी मटण रांधायची. सेठ या बाबतीत फार कडक. मांसाची भांडी अंगणाच्या बाहेर जायची नाहीत, पुढची भांडी अंगणात यायची नाहीत. चुकून अदलाबदल नको म्हणून मांसाच्या पळीला भाभीने लाल दोरा गुंडाळून ठेवला होता. "जो ज्या भरोशावर आला, तो भरोसा माझ्या चुलीत जळू नये," असं सेठ म्हणायचे. पोरींना तर पाठच होतं ते.

तो वास खिडकीतून यायचा. पहिले काही रविवार मी खिडकी लावून घेतली. मग लावेनासा झालो. मग मीच एका रविवारी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, भाभी, थोडं मला द्या.

तिने नाही म्हटलं. "बाबू, तुमच्या घरी चालत नाई हे. सेठले समजलं तं मले घराबाहेर काढन." पुढच्या रविवारी मी परत गेलो. परत नाही. तिसऱ्या रविवारी मी तिला विनवलं — चोवीस वर्षांचा बाप्या, कचेरीतला कारकून, एका वाटीसाठी! तिचा धाकटा भाऊ फाळणीत इकडे येताना वाटेत चुकला होता, तो पुन्हा सापडला नाही. मी खाली मान घालून त्याच्यासारखाच जेवतो, असं ती कधीतरी म्हणाली होती. मी ते नेमकं लक्षात ठेवलं होतं. "तुमच्या भावाने मागितलं असतं तर?" असं विचारलं मी तिला. बघा, किती हलकट असू शकतो माणूस. तिने वाटी भरून दिली.

वर तिच्याकडून शपथही मीच घेतली. मुलींची शपथ. कुणाला सांगायचं नाही, सेठांना तर मुळीच नाही.

वर्षभर तरी हे चाललं. दर रविवारी, सेठ घोरायला लागले की मी मागच्या ओट्यावर बसायचो आणि भाभी वाटी आणून ठेवायची. मला त्या वेळी पाप वगैरे वाटत नव्हतं. मजा वाटत होती, हे सांगून टाकतो. मी हाडाची नळी चोखायलाही शिकलो होतो.

मग तो रविवार आला. माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. मुलगी आर्वीकडची, घर आमच्यासारखंच उपदेशी, तालेवार. पोरगा बघायचा म्हणून मुलीचे काका सेलूला आले होते, आणि मामा न कळवता त्यांना घेऊन थेट वर्ध्याला आला. पुढे सेठ झोपलेले. मुलींपैकी एकीने सांगितलं, बाबू मागे आहेत. दोघं घराला वळसा घालून मागच्या ओट्यापाशी आले. माझ्या तोंडात नळी होती.

मामा उभाच राहिला. "काऊन बे, काय खाऊन राह्यला तू?"

मी म्हणालो, "भाजी आहे, मामा. कमळाचं देठ. हे लोक खातात." आणि गंमत बघा — मामाने मान डोलावली! त्याने जन्मात ताटात मांस पाहिलेलं नव्हतं. देठ आणि हाड, त्याला दोन्ही सारखंच. आत भोक असलेलं काहीतरी. तो वाटीत वाकून कौतुकाने पाहायलाही लागला. मी सुटलो होतो. पण मुलीचे काका जंगलात ठेकेदारी केलेले, दुनिया पाहिलेले. ते पुढे झाले, माझ्या हातातली नळी त्यांनी पाहिली, आणि शांतपणे म्हणाले, "मामासायेब, हे हाड हाय."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. "हो, मी मागून घेतलं," एवढे चार शब्द. लग्न मोडलं असतं. मामाने मुस्काटात दिली असती. आई महिनाभर बोलली नसती. पण माणूस काही यातून मरत नाही.

मी नळी फेकली. उठलो, ओट्याच्या कडेला गेलो आणि घशात बोटं घालून ओकलो. नाटक नव्हे — खरंच ओकलो, डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या पाण्याच्या जोरावर मी ओरडलो, "मला फसवलं! भाजी म्हणून दिलं मला!"

चुलीपाशी भाभी उभी होती. हातात ती लाल दोऱ्याची पळी.

ओरडा ऐकून सेठ धावत आले. काय झालं ते मामाने सांगितलं. आवाज चढवून, शिव्यांसकट. सेठांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चूळ भरत होतो. मी पुष्कळ वेळ चूळ भरली. ती थांबली होती, हे मला पाठीमागून कळत होतं — मी बोलेन म्हणून थांबली होती. मग ती सेठांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोनच वाक्यं. अर्थ मला नंतर कळला: चूक माझी, पळी बदलली.

दोरा बांधलेली पळी कशी बदलेल? सेठांना ते पटलं नसणार. म्हणजे त्यांना इतकंच पटलं, की बायकोने एवढीही काळजी घेतली नाही. त्यांनी तिच्या हातातली पळी काढून घेतली.

पुढचं अगदी सुरळीत झालं. माझ्यापुरतं. नकळत घडलं म्हणून गुरूंनी हलकं प्रायश्चित्त दिलं, ते मी मनोभावे केलं. मुलीच्या काकांना उलट माझं कौतुक वाटलं — पोरगा ओकला म्हणजे रक्तातच शुद्ध आहे! लग्न पक्कं झालं. आणि तेच काका दुसऱ्या दिवशी कापूस बाजारात चार ठिकाणी बोलले. खोटं पसरवायला मला हातपायही हलवावे लागले नाहीत. निर्वासितांबद्दल लोकांच्या मनात अर्धं आधीच होतं, उरलेलं अर्धं मी दिलं. आठवड्यात बाकं रिकामी. मुनीम यायचे थांबले, मास्तर थांबले. एका सकाळी पाटीवरच्या "शुद्ध"वर कुणीतरी डांबर फासलेलं होतं. सेठांनी ते रॉकेलने पुसायचा प्रयत्न केला, तर अक्षरंच निघून गेली.

मी? मी मागच्या खोलीत राहत होतो. सामान हलवायला दुसरी जागा मिळेपर्यंत.

एका सकाळी नळावर भाभी भेटली. तिच्या डोक्यावर पदर, हातात घागर. ती रागावेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाली, "बाबू, लोकाईले नका सांगू. तुमचं लगन हाय, मले समजते. फक्त सेठले सांगा. एकट्याले. ते माह्या हातचं जेवत नाई आता. म्हणते, तुह्या हातावर भरोसा नाई."

"तुम्हीच सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"मी सांगू? पोरींची शपथ घातली ना तुम्ही."

कळतंय का तुम्हाला? ती शपथ पाळत होती. जी तिने मागितली नव्हती ती शपथ, ज्याने घातली त्याच्यासाठी.

मी म्हणालो, सांगतो. उद्या सांगतो. खरंच म्हणालो. त्या वेळी माझ्या मनातही तसंच होतं — निदान मला तसं आठवतं. सेठ ऐकून गप्प बसले असते, बाहेर बोलणारे माणूस नव्हते ते. माझ्या लग्नाला काडीचाही धक्का लागला नसता. मग का नाही सांगितलं? याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. मोठं काही सापडत नाही. लाज वाटली. एका माणसासमोर पाच मिनिटं लाज वाटेल, म्हणून सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खोली सोडली. दोन महिन्यांनी कळलं, सेठांनी भोजनालय बंद केलं आणि ते हिंगणघाटला गेले.

सात वर्षं गेली. एव्हाना आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, माझं लग्न होऊन दोन मुलं झाली होती, आणि माझी बदली हिंगणघाटलाच झाली. सेठांचं भोजनालय गिरणीच्या वाटेवर आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कचेरीतला शिपाई सांगत होता, जेवण बरं असतं म्हणून. मी पाच महिने तो रस्ता टाळला. त्यासाठी रोज लांबचा वळसा घेत होतो. बायको विचारायची, तर व्यायाम म्हणायचो.

मग एका रविवारी ठरवलं — जायचं आणि सांगायचं. आता लग्न मोडायची भीती नव्हती. मामाही वारला होता. आईला आता फारसं ऐकू येत नव्हतं. अडवणारं कोणी उरलंच नव्हतं. आणि निघताना मी बायकोला म्हणालो, चल, आज बाहेर जेवू. मुलं शेजारी ठेवली.

तिला का सोबत घेतलं? तिच्यासमोर मला तोंड उघडता येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच घेतलं. दुसरं कारण नाही.

भोजनालय पहिल्यापेक्षा लहान. दोनच बाकं. पाटीवर नुसतं "भोजनालय", पुढे काही नाही. मुली दिसल्या नाहीत, लग्नं होऊन गेल्या असतील. चुलीशी सेठ स्वतः होते. म्हातारे वाटत होते, हातांवर भाजल्याचे डाग. भाभी बाहेर होती. ताटं मांडणं, पाणी देणं, उष्टं काढणं एवढंच. ती चुलीकडे गेली नाही. सेठ वाढून द्यायचे, ती आणून ठेवायची. मी बसून ते पाहत होतो. सात वर्षं म्हणजे किती वेळा जेवण झालं असेल त्या घरात?

भाभीने मला ओळखलं. पाणी ठेवताना तिचा हात थांबला, बस. बायकोकडे पाहून ती हसली आणि तिला विचारलं, "लेकरं किती?" चांगलं विचारलं. माझ्याशी बोलली नाही.

मग सेठांनी ओळखलं. हात पुसत ते बाहेर आले आणि मला काही कळायच्या आत वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यांना हात लावला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! मी मागे सरकलो, पण मागे भिंत होती. ते माझ्याशी नाही, माझ्या बायकोशी बोलायला लागले. "बाई, तुमच्या मालकाचा धरम माझ्या घरात बाटला. सात साल झाले. मी त्या दिवसापासून घरात मांस शिजवू दिलं नाही. आम्ही कोणीच खात नाही आता. पण यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिने तुमची माफी मागितली नाही, बाबू. मी किती वेळा बोललो, जा, पाय धर. ऐकत नाही. जिद्दी बाई आहे. आज मी मागतो."

आणि भाभीला म्हणाले, "हात जोड."

ती बाकाच्या कडेशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तशीच थांबली, जशी त्या दिवशी चुलीपाशी थांबली होती. घाई नव्हती कुणालाच. बाकावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बायको शेजारी होती, हे खरं. पण बायको काही वाघ नव्हती. ऐकलं असतं, रडली असती, चार दिवस माहेरी गेली असती. माझ्याजवळ वेळ होता, शब्दही होते. पाच महिने मी तेच शब्द पाठ करत होतो.

मी ताटाकडे पाहिलं.

भाभीने तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

मी म्हणालो, "जाऊ द्या, भाभी. माझ्या मनात काही नाही. मी केव्हाच माफ केलं तुम्हाला."

सेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. भाभीने तांब्या उचलला, बायकोचं पाणी भरलं, माझं भरलं, आणि ती आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही. सेठांनीच आम्हाला वाढलं. मी जेवलो. कढी चांगली झाली होती, मी दोनदा घेतली.

त्यानंतर मी तिथे गेलो नाही. वर्षाने बदली झाली. ती दोघं पुढे कुठे गेली, किती जगली, मला ठाऊक नाही. चौकशी करता आली असती. केली नाही.

त्या दिवशी घरी परतताना बायको पदर सावरत माझ्यामागे चालत होती. मग रस्त्यातच थांबून, डोळे पुसून ती म्हणाली, "तुमचं मन लई मोठं हाय बाप्पा."

आणि मला ते ऐकून बरं वाटलं.